आयोडीन विसरलेली, साखरेला लागलेली पेशी

पेट स्कॅनच्या आधी आत्याला एका खोलीत तासभर नुसतं बसवून ठेवलं होतं. मंद दिवा, अंगावर ब्लँकेट, मोबाइल बाहेर. सिस्टरनी बजावलं होतं : बोलायचं नाही, च्युइंगगम चघळायचं नाही, पाय हलवत बसायचं नाही. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात फक्त साधं पाणी. औषध टोचण्याआधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघितली, ११२ आली, मगच पुढचं काम सुरू झालं. आत्याचा जन्म वर्गात शिकवण्यात गेलेला. तासभर गप्प बसणं तिला स्कॅनपेक्षा जड गेलं. येताना रिक्षात बसल्या बसल्या तिने विचारलं, "आजार गळ्यातला, आणि ही मंडळी माझी साखर कशाला बघत बसतात गं? मला काय डायबेटिस आहे का?"

प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

आधी आत्याची थोडी हकिगत. पाच वर्षांपूर्वी तिची थायरॉइड काढली. पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरमधला सगळ्यांत जास्त आढळणारा आणि बहुतेक वेळा सगळ्यांत सौम्य प्रकार. नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस झाला. ग्रंथी काढून टाकल्यावर थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन रक्तात जवळपास शून्य असायला हवं, कारण ते बनवतात फक्त थायरॉइडच्याच पेशी. यंदा तो आकडा वर सरकला. म्हणजे कुठेतरी त्या पेशी आहेत. पण आयोडीनचा स्कॅन केला तर फोटो कोरा! चोरीची तक्रार आहे, पण चोर दिसत नाही, अशातली गत. डॉक्टरांच्या बोलण्यात या अवस्थेला 'टेनिस' म्हणतात. थायरोग्लोब्युलिन वाढलेलं आणि आयोडीन स्कॅन निगेटिव्ह, याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेलं नाव. खेळाशी त्याचा काही संबंध नाही, हे आत्याला मुद्दाम सांगावं लागलं.

आता मूळ मुद्दा. निरोगी थायरॉइड पेशीचा धंदा एकच : रक्तातलं आयोडीन ओढून घ्यायचं आणि त्यापासून हार्मोन बनवायचं. त्यासाठी तिच्या भिंतीत एक पंप असतो, सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर. त्याचा जीन १९९६ मध्ये हाती लागला. हा पंप रक्ताच्या वीस ते चाळीसपट आयोडीन पेशीत साठवू शकतो. शरीरातल्या बहुतेक अवयवांना हे जमत नाही, आणि किरणोत्सारी आयोडीनचा सगळा उपचार याच एका लकबीवर उभा आहे. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये थायरॉइडच्या रुग्णाला पहिल्यांदा असं आयोडीन दिलं तेव्हा पंप कसा असतो हे कुणालाच माहीत नव्हतं. ग्रंथी आयोडीन खाते एवढं ठाऊक होतं आणि तेवढं पुरलं.

साखर या गोष्टीत कुठे येते? निरोगी पेशीतही येतेच. आयोडीन हार्मोनमध्ये गुंफायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. हो, जखमेवर टाकल्यावर फसफसतं तेच. पेशी ते स्वतः बनवते आणि त्यासाठी तिला एनएडीपीएच नावाचा कच्चा माल लागतो. तो मिळतो ग्लुकोजच्या एका आडवाटेवर. या वाटेच्या तोंडाशी जी-६-पीडी नावाचं विकर बसलेलं असतं. (विकर म्हणजे एन्झाइम; शाळेच्या पुस्तकातला शब्द मला आवडतो म्हणून वापरते.) हे जी-६-पीडी काहींच्या ओळखीचं असेल, कारण मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळ्या देण्याआधी याची कमतरता नाही ना, हे तपासतात. तर सांगायचं असं, की थायरॉइडच्या पेशीत साखरेची विकरं सापडली म्हणून दचकायचं कारण नाही. त्यांचं प्रमाण बदलतं, जात बदलते आणि त्यांच्यावरचा लगाम सुटतो, तिथे गोष्ट सुरू होते.

गव्हाणीत पडलेला ऊस

आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काट्यावर वजन होईपर्यंत एखादा शेतकरी वैतागून गाडी वळवून दुसऱ्या कारखान्याला घालू शकतो. पण मोळी एकदा गव्हाणीत पडली की ती परत शेतात जात नाही. ग्लुकोजचंही असंच आहे. पेशीच्या भिंतीत दारं असतात, त्यातलं एक ग्लूट-१. या दारातून ग्लुकोज आत येतं तसं बाहेरही जाऊ शकतं. आत आल्यावर हेक्झोकायनेज नावाचं विकर त्याला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतं. झालं! आता दार त्याला ओळखत नाही. मोळी गव्हाणीत पडली.

हेक्झोकायनेज एकच नाही, चार भावंडं आहेत. बहुतेक अवयवांचं पहिल्यावर भागतं. चौथं यकृतात आणि स्वादुपिंडात असतं. दुसरं, हेक्झोकायनेज-२, एरवी स्नायूंत आणि चरबीत राबणारं. थायरॉइडच्या गाठींत, विशेषतः आक्रमक गाठींत, हे दुसरं भावंड वाढलेलं सापडतं. त्याची जागा मोक्याची असते. पेशीचं वीजघर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया; हे त्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून बसतं आणि तिथून बाहेर पडणारी ताजी ऊर्जा हातोहात घेऊन ग्लुकोजला फॉस्फेट लावत सुटतं. एरवी फॉस्फेट लागलेलं ग्लुकोज खूप साठलं की ते हेक्झोकायनेजलाच 'आता बास' म्हणतं. वीजघराच्या भिंतीला टेकलेल्या हेक्झोकायनेज-२ ला हे 'बास' नीट ऐकू येत नाही.

पेट स्कॅनचं औषध या एका पायरीचाच फायदा घेतं. औषधाचं नाव एफडीजी. ग्लुकोजसारखाच रेणू, फक्त दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेलं. दाराला फरक कळत नाही, ते आत घेतं. हेक्झोकायनेजलाही कळत नाही, ते फॉस्फेट लावतं. पुढच्या यंत्राला मात्र नेमका तो काढलेला गटच हवा असतो, त्यामुळे रेणू तिथे अडकून पडतो. बाहेर जाता येत नाही, पुढे सरकता येत नाही. जितकी दारं जास्त आणि हेक्झोकायनेज जितकं जोरात, तितका अडकलेला माल जास्त आणि फोटोत तो भाग तितका उजळ. म्हणजे पेट स्कॅन हा खरं तर दोन प्रथिनांचा हिशेब आहे, कॅन्सरचा फोटो नव्हे. हे वाक्य मी आत्याला दोनदा सांगितलं, कारण पुढे ते कामाला येणार होतं.

फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. सकाळी सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवलेला माल दुपारच्या जेवणापर्यंत अर्ध्याहूनही कमी उरतो. साठवून ठेवायची सोयच नाही. माणसाला पहिल्यांदा एफडीजी टोचलं गेलं ते १९७६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. आपल्याकडे देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन देण्याचं काम तिथे त्याआधीपासूनच चालत आलं होतं.

आता त्या अंधाऱ्या खोलीतल्या अटी. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि स्नायूंची दारं उघडतात. सगळा एफडीजी मांड्यांत आणि दंडांत जाऊन बसतो, गाठीच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून उपास आणि म्हणून बोटातलं रक्त. बोललं तर स्वरयंत्राचे स्नायू काम करतात, चघळलं तर जबड्याचे, आणि दोन्ही उजळतात. आत्याचा तर गळाच बघायचा होता. ब्लँकेट एवढ्यासाठी, की थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी उष्णता बनवायला साखर जाळू लागते आणि मानेत भलतेच ठिपके दिसतात. आत्याला हे पटलं. "एवढं आधी सांगितलं असतं तर मी दोन तास गप्प बसले असते," म्हणाली. यावर मी काही बोलले नाही.

आळशी शेवटचं दार

गव्हाणीतून पुढे गेलेल्या ग्लुकोजचं काय होतं? एका ग्लुकोजपासून ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण काम झालं तर ऊर्जेची सुमारे ३० ते ३२ नाणी, म्हणजे एटीपी, मिळतात. अर्ध्यात सोडून लॅक्टिक आम्लावर थांबलं तर फक्त दोन. जर्मनीत ओट्टो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात गाठींच्या पातळ चकत्या काचेच्या भांड्यांत ठेवून मोजमाप केलं तेव्हा दिसलं, की भरपूर ऑक्सिजन असूनही या पेशी दोन नाण्यांचाच धंदा करतात. वारबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी, पण आज त्यांचं नाव जास्त घेतलं जातं ते या निरीक्षणामुळे. त्यांचा निष्कर्ष होता : वीजघर बिघडलंय, म्हणून पेशी हे करते. पुढे बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत तो चुकीचा ठरला. वीजघर बऱ्यापैकी शाबूत असतं. बहुतेक म्हटलं, सगळ्या नाही. अपवाद थायरॉइडमध्येच आहे, त्याकडे येतेच.

मग तोट्याचा धंदा का? कारण वाढणाऱ्या पेशीला नुसती वीज नको असते, विटा हव्या असतात. नवी पेशी उभी करायची म्हणजे डीएनएसाठी रायबोज, भिंतींसाठी चरबी, प्रथिनांसाठी अमिनो आम्लं. हा सगळा माल ग्लुकोजच्या मुख्य रस्त्यावरून फुटणाऱ्या आडवाटांवर तयार होतो. निरोगी थायरॉइड ज्या आडवाटेने हार्मोनसाठी एनएडीपीएच मिळवत होती, तीच वाट आता बांधकामाला जुंपली जाते. जी-६-पीडी वाढलेलं सापडतं ते म्हणून. वाट जुनीच, गिऱ्हाईक नवीन.

मला सगळ्यांत गमतीचं वाटतं ते मुख्य रस्त्याच्या शेवटाजवळचं पायरुव्हेट कायनेज. त्याचा एम-२ हा अवतार वाढत्या पेशींत भरपूर असतो, आणि तो सुस्त होऊ शकतो : चार-चारच्या जुडीत असताना कामसू, जुडी फुटली की आळशी. घाईत असलेल्या पेशीने आळशी विकर का ठेवावं? टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असली की मागे रांग लागते आणि गाड्या गावातल्या रस्त्यांनी घुसतात, तसं. शेवटचं दार चिंचोळं ठेवलं की मागे तुंबलेला माल आपोआप आडवाटांना वळतो. सुरुवातीला हा एम-२ फक्त भ्रूणात आणि कॅन्सरमध्ये असतो असं सांगितलं जायचं. नंतर तो निरोगी अवयवांतही सापडला, त्यामुळे त्याला कॅन्सरचा शिक्का म्हणता येत नाही. त्यापुढे लॅक्टेट डिहायड्रोजनेजचा ए प्रकार उरलेल्या पायरुव्हेटचं लॅक्टिक आम्ल करतो, आणि ते बाहेर टाकलं जातं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'एलडीएच' दिसतं ते याच कुटुंबातलं. पण ते लाल पेशी फुटल्या तरी वाढतं, यकृत दुखावलं तरी वाढतं. त्यावरून थायरॉइडचा अंदाज बांधत बसू नये.

आयोडीनचा पंप बंद होणं आणि साखरेची दारं उघडणं हे एकाच वेळी कसं घडतं? पॅपिलरी कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांत बी-रॅफ नावाच्या जीनमध्ये एक बारीकसा बदल असतो, व्ही६००ई. सहाशेव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलतं आणि 'वाढ' म्हणणारा स्विच चालूच राहतो. या स्विचच्या तारा दोन्हीकडे जातात. त्यामुळे आयोडीनच्या पंपाचं उत्पादन घटतं आणि साखर खेचणारी यंत्रणा जोर धरते. ट्युबिंगनच्या उलरिश फायने यांच्या गटाने १९९६ मध्ये या उलटसुलट वागण्याला 'फ्लिप-फ्लॉप' म्हटलं : आयोडीन घेणारी गाठ एफडीजी फारशी घेत नाही, आणि एफडीजी घेणारी आयोडीन घेत नाही. नियम म्हणून नव्हे, कल म्हणून. टोकाला अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सर आहे, दुर्मीळ आणि अतिशय वेगवान. त्या पेशी थायरॉइडचा धंदा साफ विसरलेल्या असतात आणि पेट स्कॅनमध्ये लखलखतात.

आत्याचा कोरा फोटो असा उलगडला. पेटमध्ये तिच्या मानेच्या डाव्या बाजूला दोन लसिकाग्रंथी उजळल्या. त्या पेशी थायरोग्लोब्युलिन अजून बनवतात, म्हणजे घराण्याची एक सवय शिल्लक आहे. आयोडीन ओढायची सुटली.

उजळलं म्हणजे कॅन्सरच का?

नाही. हे लिहायला मी जरा जास्तच जागा घेणार आहे, कारण रिपोर्ट हातात पडला की लोक आधी गूगल करतात आणि मग रडतात.

दुसऱ्याच कारणासाठी पेट केलेल्यांपैकी शेकड्यात एक-दोघांच्या थायरॉइडमध्ये अचानक एक उजळ ठिपका सापडतो. अशा ठिपक्यांपैकी साधारण एक तृतीयांश कॅन्सर निघतात. म्हणजे तपासायलाच हवं. पण दोन तृतीयांश लोकांना कॅन्सर नसतो, हेही तेवढंच खरं. संपूर्ण ग्रंथी एकसारखी उजळली तर ती बहुधा सुजेची, हाशिमोटोसारख्या आजाराची खूण. तिथे साखर खाणाऱ्या असतात रोगप्रतिकारक पेशी. अ‍ॅडेनोमा नावाच्या साध्या, निरुपद्रवी गाठीतही हेक्झोकायनेज वाढलेलं असू शकतं. मुळात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढलं की निरोगी थायरॉइडही जास्त साखर घेते.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी वाटून त्यांतली विकरं मोजण्याचं काम अनेक दशकं चालू आहे, पण त्यात एक मेख आहे. मोजणी साधारणपणे 'दर मिलिग्रॅम प्रथिनामागे' इतकी अशी मांडतात. निरोगी थायरॉइडच्या पुटकुळ्यांत थायरोग्लोब्युलिनचा घट्ट साठा असतो, म्हणजे भागायचा आकडा आधीच मोठा. गाठीत तो साठा कमी असला तर विकर तेवढंच असूनही भागाकार जास्त येतो! शिवाय वाटलेल्या तुकड्यात रक्ताच्या आणि सुजेच्या पेशीही मिसळलेल्या असतातच. म्हणून 'अमुक विकर गाठीत तिप्पट' अशी बातमी वाचली की मी आधी विचारते, कशाच्या तिप्पट?

पेटमध्ये न उजळणं मात्र कधी कधी खूप काही सांगून जातं. सुईच्या तपासणीत 'नक्की सांगता येत नाही' असा शेरा आलेल्या गाठींवर नेदरलँड्समध्ये १३२ रुग्णांची एक चाचणी झाली, २०२२ मध्ये ती छापून आली. गाठ उजळली नाही तर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवायचं, असं केल्यावर निरुपद्रवी गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांची ऑपरेशनं टळली. एका प्रकारच्या गाठींना मात्र याचा उपयोग झाला नाही, कारण त्या साध्या असोत की कॅन्सरच्या, जवळपास सगळ्याच उजळतात. त्या म्हणजे ऑन्कोसायटिक गाठी, वर म्हटलेला अपवाद.

या पेशी मायटोकॉन्ड्रियाने ठासून भरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या, गुलाबी, दाणेदार दिसतात. एवढी वीजघरं असताना साखरेची एवढी भूक का? कारण त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये बिघाड असतो, बऱ्याचदा ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रांच्या साखळीतल्या पहिल्याच यंत्रात. वीजघरं शंभर, चालू थोडीच. मग पेशी आणखी वीजघरं बांधते आणि दरम्यान दोन नाण्यांच्या धंद्यावर गुजराण करते. वारबुर्ग इतर ठिकाणी चुकले, इथे बरेचसे बरोबर निघाले. या पेशींना वर्षानुवर्षं 'हर्थल सेल' म्हटलं गेलं, तेही चुकून. कार्ल हर्थल यांनी १८९४ मध्ये कुत्र्याच्या थायरॉइडमध्ये पाहिलेल्या पेशी वेगळ्याच होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणाने ते नाव सोडून 'ऑन्कोसायटिक' धरलं. रिपोर्टांवर जुनं नाव अजून दिसतं.

आता चहाचा विषय. फॅमिली ग्रुपवर 'साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरतो' हा मेसेज आला आणि आत्याने चहातली साखर सोडली, आंबा सोडला, संकष्टीची साबुदाण्याची खीरसुद्धा सोडली. मी तिला हिशेब मांडून दाखवला. अंगात रक्त पाच लिटर, दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम साखर धरली तर एका वेळी संपूर्ण रक्तात पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. एवढा चमचा शरीर कसंही करून भरलेला ठेवतं. तुम्ही नाही खाल्लं तर यकृत बनवतं, कारण मेंदूला तो लागतो. गाठीची दारं या चमच्यातूनच उचलतात. वजन, दात, डायबेटिस यांच्यासाठी साखर कमी करणं चांगलंच, पण हेक्झोकायनेज-२ ला चहातल्या साखरेने काही फरक पडत नाही.

मग विकरच बंद पाडायचं? प्रयत्न झाले आहेत, चालू आहेत. अडचण अशी, की हीच विकरं मेंदूला, हृदयाला, स्नायूंनाही लागतात. त्यापेक्षा मला दुसरी वाट जास्त आशेची वाटते : पेशीला तिचा जुना धंदा आठवून द्यायचा. बी-रॅफच्या पुढच्या तारेवर सेल्युमेटिनिब नावाचं औषध बोट ठेवतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये आयोडीनला न जुमानणाऱ्या २० रुग्णांना ते दिलं, त्याचा निकाल २०१३ मध्ये आला. १२ जणांच्या गाठी पुन्हा जास्त आयोडीन ओढू लागल्या, आणि ८ जणांच्या इतक्या, की त्यांना किरणोत्सारी आयोडीन देता आलं. सगळ्यांना लागू पडेल असा तो इलाज नाही, पण पंपाचा जीन जागेवरच होता, नुसता झाकून ठेवलेला, हे त्यातून कळलं.

आत्याला यातलं काही लागणार नाही. दोनच ग्रंथी, मानेतल्या, हाताशी असलेल्या. डॉक्टर म्हणाले, सरळ काढून टाकू. तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. काल तिने चहात साखर घातली, ढवळली आणि विचारलं, "आदल्या रात्रीपासून परत उपाशी राहायला सांगितलंय. परत साखर बघणार का?"

बघतीलही. पण हा उपास भूल देण्यासाठी असतो.